खुणेच्या वर

स्वयंपाकघरामागच्या अडगळीच्या खोलीत काहीतरी टिक्कन पडलं आणि फरशीवर स्वतःभोवती दोन-तीन गिरक्या घेऊन गप्प झालं.

ती टेबलाशी उभी राहून रक्त घ्यायच्या नळ्या मोजत होती. हात तसाच थांबला. साडेपाच वाजले होते, बाहेर नुकतं फटफटत होतं. पाच वर्षांची बिट्टी आतल्या खोलीत पांघरुणाचं गाठोडं करून झोपलेली, एक पाय नेहमीसारखा बाहेर. नवरा दूरच्या कामावर, महिन्यातून एकदा येणारा. सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलेलं. आवाज तर घरातलाच होता.

तिने अडगळीचा दिवा लावला. कोणी नव्हतं. कोपऱ्यात सायकलचा पंप, जुनी छत्री, आणि तीन आठवड्यांपूर्वी तिनेच घासूनपुसून लावलेल्या फळीवर गाडीच्या तेलांच्या बाटल्या ओळीने उभ्या. सगळं जागच्या जागी. फक्त अंगणात उघडणाऱ्या मागच्या दाराची कडी काढलेली होती. आणि झोपण्यापूर्वी ती कडी तिने स्वतःच्या हाताने लावली होती.

दाराच्या फटीतून गाडी दिसत होती. मख्ख चेहऱ्याने उभी. जणू तिला काहीच माहीत नाही.

त्या गाडीवर तिचं सगळं चालायचं. सकाळी सहा ते दहा ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या-आजारी माणसांचं रक्त घ्यायची आणि नळ्या वेळेत प्रयोगशाळेत पोचवायची. दुपारी तीच गाडी घेऊन सासरे बिट्टीला शाळेतून आणायचे. महिन्याभरात गाडी दोनदा भर चौकात अडली होती आणि प्रयोगशाळेच्या बाईंनी आवाज न चढवता सांगितलं होतं, "रक्त वाट बघत नाही गं. आणखी एकदा उशीर झाला तर तुझा भाग मी दुसरीला देईन." आवाज न चढवता बोलणाऱ्या माणसांचीच जास्त भीती वाटते.

दुखणं क्लचचं होतं. आधी पॅडल वरच्या वर मऊ लागायला लागलं, लोण्यात पाय घातल्यासारखं. मग रिव्हर्स टाकताना खालून कचकच. मग सिग्नलला पॅडल दाबून धरलं की ते पायाखाली हळूहळू बसत जायचं आणि गाडी आपोआप पुढे सरकू बघायची. दोनदा भराभर पंप केलं की पुन्हा ताळ्यावर. आणि आता आठवडाभर नवीनच थेर: दाबलेलं पॅडल वर येईना, बुटाच्या टोकाने उचलून आणावं लागे.

घरात काही बिघडलं की आधी सुनेचे हातपाय तपासायची जी पद्धत आहे, ती इथेही चालू होती. नवरा फोनवर म्हणाला, "तू अर्ध्या क्लचवर चालवतेस, दुसरं काय!" वरच्या खोलीत राहणारे धाकटे भावजी जुन्या गाड्यांच्या विक्रीचं काम करायचे. त्यांनी रविवारी गाडीत बसून दोनदा पॅडल दाबलं आणि डॉक्टरने नाडी सोडावी तसा पाय काढला. "वहिनी, गेली ही. माझ्याकडे गिऱ्हाईक आहे, बघा. धडधाकट दिसते तोवर देऊन टाका."

फक्त सासरे काही बोलले नव्हते. त्यांनी तीस वर्षं मोठ्या गाड्या चालवल्या, कुठे साधा ओरखडा नाही. तिला गाडी शिकवली तीही त्यांनीच. पण गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीचं झाकण त्यांच्याकडून उघडं राहिलं, इंजिन तापलं, आणि मुलाने बापाला बजावलं, "बाबा, आजपासून बॉनेटला हात लावायचा नाही." तेव्हापासून गाडीचा विषय निघाला की सासरे वर्तमानपत्र उघडून बसत.

आणि आता ही काढलेली कडी. तिच्या मनात पाल चुकचुकली. गिऱ्हाईक तयार ठेवणाऱ्या माणसाचा जिना मागच्याच दाराशी उतरतो, हे काही तिला नव्याने कळायचं नव्हतं.

*

त्या सकाळी शेवटच्या घरून निघताना रिव्हर्स पडेचना. तिने इंजिन बंद केलं, गियर टाकला, मग चालू केली. सासऱ्यांनी शिकवलेली युक्ती. नळ्या कशाबशा वेळेत पोचवून ती थेट गॅरेजात गेली.

मिस्त्री कानात पेन्सिल खोचून हिंडणारा, कमी बोलणारा माणूस. महिन्याभरात तिसऱ्यांदा तिला बघून तो म्हणाला, "ताई, आता तुमच्यासाठी इथे खुर्चीच टाकतो."

"टाका. आणि तिसऱ्यांदा तेच काम का करताय तेही सांगा."

तिचा दुसरा संशय हा मिस्त्री होता. आधीच्या खेपेला याने हवा काढली आणि गाडी दोन दिवस गुणी बाळासारखी वागली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. चांगला भाग काढून जुना बसवतात, असं भावजी म्हणाले होते. ती आज त्याच्या हातावरून नजर काढणार नव्हती.

त्याने इंजिन बंद असताना गियर टाकून बघितले, लोण्यातून सुरी जावी तसे पडले. इंजिन चालू केलं की अडकत. "म्हणजे गियरबॉक्स बरा आहे. क्लच पुरता सुटत नाहीये. तुमचा पाय दाबतो, ते तेल पुढे ढकलतं, ते खालच्या सिलिंडरला ढकलतं. मध्ये कुठेतरी दाब मरतोय." मग त्याने बॉनेटखालचा छोटा पांढरा डबा दाखवला. "आता हे बघा. तेल काठोकाठ. खाली जमिनीवर थेंब नाही. गळत नाही तर हवा शिरते कुठून?"

"ते मी तुम्हाला विचारतेय."

"आणि मी तुम्हाला. हा डबा कोणी भरतं का घरी?"

"कोणी नाही."

"नक्की?"

तिला राग आला. चोराने उलट साक्षीदाराची झडती घ्यावी तसं झालं. "नक्की. आमच्याकडे बॉनेटला कोणी हातसुद्धा लावत नाही."

मिस्त्रीने खांदे उडवले. तिला आत बसवलं, स्वतः खाली गेला. "दाबा... धरा... सोडू नका... हां, सोडा." खालच्या नटातून फुसफुसत हवा निघत होती. दहा-बारा वेळा झालं. मग त्याने दार उघडून तिच्या पायाखालचं पायपुसणं उचललं, गालिच्याखाली हात घातला आणि बोटं तिच्यासमोर धरली. चिकट, काळपट ओल.

"हे घ्या. जमिनीवर नाही गळत, घरात गळतंय. वरच्या सिलिंडरच्या पाठीमागून, पॅडलच्या दांडीवरून आत. थोडं थोडं. किती दिवस, देव जाणे. मग डबा भरलेला कसा?" त्याने पेन्सिल कानातून काढून पुन्हा कानात ठेवली. "सिलिंडर उद्या येईल. पण ताई, गाडी खोटं बोलत नाही."

माणसं बोलतात, हे त्याने म्हटलं नाही. म्हणायची गरजही नव्हती.

*

दुपारी सासरे बिट्टीला घेऊन आले. संध्याकाळी ती स्वतः बिट्टीला वह्या आणायला घेऊन निघाली, तर सिग्नलला मागच्या सीटवरून बिट्टी किंचाळली, "हिरवा! आई, हिरवा झाला, जा!"

"मला दिसतो गं बाई. कानठळ्या बसवू नकोस."

"आजोबांना आवडतं सांगितलेलं." बिट्टी फुरंगटली. "आजोबा म्हणतात, बिट्टी आहे म्हणून गाडी चालते."

"आजोबांनीच तुला डोक्यावर बसवलंय."

घरी आल्यावर तिने बॉनेट उघडलं. नळ्यांवर लावायच्या चिठ्ठ्या पिशवीत होत्याच. एक चिठ्ठी तिने डब्यावर तेलाच्या पातळीला काटेकोर लावली, वर तारीख आणि वेळ लिहिली, हाताच्या सवयीने. रक्ताच्या नळीत कमी-जास्त झालं की कोण जबाबदार ते चिठ्ठीवरून कळतं. इथेही कळेल. खाली गेलं तर गळती. आणि तसंच राहिलं तर मिस्त्री थापा मारतोय.

सकाळी पाचला तिला जाग आली, पण बिट्टीने झोपेत तिच्या गळ्याभोवती हात टाकला होता. तो गरम, जरा घामट हात उचलून बाजूला ठेवायचं तिच्या जिवावर आलं. ती तशीच कान टवकारून पडून राहिली. मागच्या दाराची कडी निघाली, अगदी हलकी. मग पावलं, सावध. मग शांतता. ती हात सोडवून उठेपर्यंत अंगण रिकामं झालं होतं.

तिने बॉनेट उघडलं आणि बघतच राहिली. तेल चिठ्ठीच्या वर होतं. चांगलं बोटभर वर.

तेल आपोआप खाली जाऊ शकतं. आपोआप वर चढत नाही. वर चढतं तेव्हा मागे माणूस असतो.

वरच्या खोलीत दिवा लागलेला होता. भावजींचा दाढीचा नळ वाहत होता. हसतखेळत जेवायला बसणारा माणूस, बिट्टीला खांद्यावर घेणारा, आणि पहाटे उठून गाडीत काय घालतो? का घालतो?

तिने पिशवीतली नवी पिचकारी काढली, डब्यातलं थोडं तेल ओढून घेतलं, नळीत सोडलं आणि चिठ्ठी लावली. शेवटच्या घरी रक्त घेऊन झाल्यावर आजीबाईंच्या ओट्याशी उभं राहून तिने त्या नळीत थोडं पाणी घातलं, उलटसुलट केली आणि जाळीच्या रॅकमध्ये ठेवली. ब्रेकचं तेल पाण्यात विरघळतं, दुसरं विरघळत नाही, असं सासऱ्यांनीच तिला कधीतरी शिकवलं होतं.

रक्त ठेवून दिलं की तांबडं तळाला बसतं आणि वर पिवळट पाणी उरतं. हजार वेळा बघितलेलं. या नळीत उलटं झालं होतं. खाली पिवळट, आणि वर जाड तांबडा थर. अंगातलं रक्त डोक्यावर उभं राहावं तसा.

*

मिस्त्रीने नळी उजेडात धरली आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा बदलला.

"स्टिअरिंगचं तेल हे. कोणी घातलं?"

"माहीत नाही. काय होतं याने?"

"रबर फुगतं. सिलिंडरमधलं रबर फुगून बसलं की पॅडल परत येत नाही, तुमचं तेच झालंय. पण ताई, क्लचचं सोडा." त्याने डब्याकडे बोट केलं. "हा एकच डबा. यातूनच क्लचला, यातूनच ब्रेकला. क्लचची नळी वर, म्हणून हे वर तरंगणारं आधी क्लचने प्यायलं. ब्रेकची खाली आहे. आणखी आठ दिवस हे चाललं असतं, तर ब्रेकची रबरंही फुगली असती. मग ब्रेक लागून बसतो, नाहीतर..." त्याने हात पुढे केला. "किल्ली इथे ठेवा. चालत जा, पण गाडी नेऊ नका. सगळी रबरं बदलावी लागतील."

तिने किल्ली टेबलावर ठेवली. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी या गाडीच्या मागच्या सीटवर रोज कोण बसतं, हे मिस्त्रीला माहीत नव्हतं. तिला माहीत होतं. आणि हे तेल घालणाऱ्यालाही माहीत असणार.

शाळेपर्यंत ती जवळजवळ पळत गेली. बिट्टी फाटकाशी हरखली. "तू? चालत? आजोबा कुठेत?" तिने बिट्टीला उराशी इतकं घट्ट धरलं की बिट्टी ओरडली, "आई, माझा डबा टोचतोय!"

घरी सासरे टोपी-बूट घालून पुढच्या खोलीत तयार बसलेले. भावजी जेवायला उतरलेले. तिने बिट्टीला आत हात धुवायला पाठवलं आणि नळी टेबलावर आदळली नाही, हळूच उभी ठेवली.

"भावजी, गाडीच्या डब्यात हे कोण घालतं?"

"काय आहे हे? कोणाचं रक्त?"

"खोटं बोलू नका. पहाटे मागची कडी कोण काढतं? बॉनेट कोण उघडतं? गाडी विकायची म्हणून तुम्ही माझ्या मुलीच्या जिवावर..."

"वहिनी!" भावजींचा घास हातातच राहिला. "अहो, मी गाड्या विकतो, मारत नाही! आणि पहाटे? मला कोणी ढोल वाजवून उठवलं तरी सातच्या आत डोळा उघडत नाही, विचारा कोणालाही."

"सव्वापाचला तुमचा नळ चालू होता."

"या आठवड्यात माझा दात दुखतोय हो! गरम पाण्याच्या गुळण्या करतो!" त्यांनी गाल फुगवून दाखवला. खरंच सुजला होता.

सासऱ्यांनी टोपी काढली. गुडघ्यावर ठेवली. तिची कड दोन्ही हातांनी नीट केली.

"त्याला कशाला बोलतेस, सूनबाई. मी घालतो."

आत नळ वाहत होता.

"कमी होत होतं. चार महिने झाले. हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय मला, पण बोट बुडवून कमी लागलं की गप्प बसवेना. पहाटे थोडं थोडं घालत गेलो, काल झाकण हातातून निसटलं. तुझी गाडी बंद पडू नये एवढंच." ते तिच्याकडे नाही, तिच्या आवाजाच्या दिशेने बघत होते. "पण मी ब्रेकचंच घातलं. माझी फळी ठरलेली. डावीकडे ब्रेकचं, उजवीकडे स्टिअरिंगचं. तीस वर्षं."

डावीकडे. उजवीकडे.

तीन आठवड्यांपूर्वीचा रविवार. फडकं, साबणाचं पाणी, सगळ्या बाटल्या खाली काढलेल्या. मग उंच इकडे, ठेंगण्या तिकडे, दिसायला छान.

ती अडगळीच्या खोलीत गेली. दोन्ही बाटल्या घेऊन आली आणि फळीवर होत्या तशाच टेबलावर ठेवल्या. एकीचं झाकण हळदीसारखं पिवळं, दुसरीचं लालभडक. दोन्हींवर बोटभर मोठी अक्षरं. वाचता न येणारी बिट्टीसुद्धा एका नजरेत वेगळ्या सांगेल अशा.

"बाबा, यातली ब्रेकची कुठली?"

सासऱ्यांनी झाकणं बघितली नाहीत. बाटल्या कुठे उभ्या आहेत ते चाचपलं. मग डावीकडच्या बाटलीवर हात ठेवला, अगदी खात्रीने, घरच्या माणसाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

"अहो बाबा, ती लाल..." भावजी हसायला लागले आणि हसू मध्येच संपलं.

भिंतीवरच्या घड्याळाकडे तिने बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघावं कळेना. "कधीपासून, बाबा?"

"एका डोळ्याचं ऑपरेशन करून आलो होतो गुपचूप, तू माहेरी गेलेलीस तेव्हा. दुसऱ्याचा मागचा पडदा गेलाय म्हणतात. आता पहिल्याचाही जातोय." त्यांचा हात अजून लाल झाकणावर होता. "मिस्त्री रबर बदलून देईल, सूनबाई. पडदा मिळत नाही."

"आणि रोज दुपारी... बिट्टीला..."

"रस्ता पाठ आहे मला." ते घाईने म्हणाले. "वळणं, खड्डे, सगळं पाठ. गाडी आवाजावर चालते. फक्त..."

तिला ओरडायचं होतं. भांडायचं होतं. आणि त्याच वेळी तिला आठवत होतं, पहिल्यांदा चढावर गाडी मागे सरकली तेव्हा याच हाताने हँडब्रेकवरचा तिचा हात झाकला होता आणि म्हटलं होतं, घाबरू नकोस, मी बघतोय. दोन दिवस ती जगभर चोर शोधत हिंडली. मिस्त्री झाला, दीर झाला. आणि बाटल्या जागेवरून हलवणारा हात तिच्याच कोपरापासून निघत होता.

तिने टेबलावर हात पुढे केला. "दुसरी किल्ली द्या, बाबा."

सासऱ्यांनी खिशातली जादा किल्ली काढली. लगेच दिली नाही. अंगठ्याने तिचे दात एकदा मोजल्यासारखे चाचपले आणि मग तिच्या तळहातावर ठेवली. किल्ली कोमट होती.

ओल्या हातांनी बिट्टी दारात उभी होती. किती वेळ, कोण जाणे. पाण्याचे थेंब कोपरांवरून फरशीवर पडत होते.

"आजोबा आता मला आणायला येणार नाहीत?"

"मी येईन. चालत. मजा येईल की नाही?"

बिट्टीने विचार केला. आजोबांच्या गुडघ्यावरची टोपी उचलून त्यांच्या डोक्यावर ठेवली, जरा वाकडी, मग सरळ केली. मग आईकडे वळून, अगदी काळजीने, हळू आवाजात, जणू आजोबांना ऐकू जाऊ नये म्हणून विचारलं,

"पण आई, मी नसले की आजोबांना लाल-हिरवा कोण सांगणार?"